काळ्या घेवड्याचं पाणी

काळा घेवडा भिजत घातला की पाणी आधी तांबूस होतं, मग जांभळं, आणि सकाळी झाकण काढून बघावं तर दौतीतल्या शाईसारखं. आमच्या घरात याचं कुणाला कधी काही वाटलं नाही. आई ते पाणी फेकत नसे. त्याच पाण्यात घेवडा चुलीवर चढायचा, त्याचीच आमटी व्हायची, आणि नागलीची भाकरी बुडवली की दोन्ही सारखीच काळपट, म्हणून कुठं भाकरी संपते आणि कुठं आमटी सुरू होते ते कळायचं नाही. शाळेच्या पांढऱ्या शर्टावर आमटी सांडली तर डाग निघायचा नाही, एवढीच काय ती तक्रार.

माझं माहेर संगमनेरजवळच्या अकोले तालुक्यात, वरच्या अंगाला, डोंगरात. तिथं घेवडा शेतात कमी आणि बांधावर, कुडावर, गोठ्याच्या छपरावर जास्त. एकाच घरात चार रंगांचा निघतो: पांढरा, तांबडा, ठिपक्यांचा आणि काळा. दिवाळीनंतर शेंगा वाळल्या की आई त्या झोडपून, पाखडून, दाण्यांना एरंडेलाचं बोट लावून ठेवते, म्हणजे कीड लागत नाही. तेल लावायचं म्हणजे तळहात ओला करायचा आणि सूपभर दाणे त्या हातानं नुसते चोळत राहायचे. काळ्या दाण्याला मग अशी चकाकी येते की नवीन बुटांच्या दुकानात आल्यासारखं वाटावं. तो घेवडा गोणीत भरून ती संगमनेरच्या आठवड्याच्या बाजारात येते. तिची जागा ठरलेली आहे. एका बाजूला लिंबं विकणारा, दुसऱ्या बाजूला बांगड्यावाली, मागे चहाची टपरी.

मी संगमनेरातच राहते. लग्न होऊन आले, आणि एका कॉलेजात अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवते. तासिका तत्त्वावर. म्हणजे जेवढे तास शिकवले तेवढाच पगार, आणि दर जूनमध्ये पुन्हा घेतील की नाही याची वाट बघायची. या नोकरीचा आईला माझ्यापेक्षा जास्त अभिमान आहे. बाजारातल्या प्रत्येकाला तिनं सांगून ठेवलंय की माझी पोरगी कॉलेजात मॅडम हाय. तासिका तत्त्व म्हणजे काय ते मी तिला एकदा समजावलं, तर ती म्हणाली, "म्हंजे कवाबी काढत्यात व्हय?" तेव्हापासून ती माझ्या नोकरीकडे तान्ह्या मुलाकडे बघावं तशी बघते.

आता माझा एक दुर्गुण आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं त्यातून झालं. समोरच्याचं काही चुकलेलं दिसलं की मला गप्प बसवत नाही. मी लगेच फळा-खडू काढते. नवरा म्हणतो, तुझ्याशी भांडायचं तर आधी पाठ्यपुस्तक वाचून यावं लागतं. वर्गात हा दुर्गुण गुण म्हणून खपून जातो.

गेल्या मार्गशीर्षातली गोष्ट. कॉलेजला सुट्टी होती म्हणून मी आईजवळ जाऊन बसले होते. ती मापानं घेवडा देत होती, मी पिशव्यांची तोंडं धरत होते. उन्हं चढत होती, आई खुशीत होती. तेवढ्यात गर्दीतून एक बाई सरळ आमच्याकडे आल्या. चांगल्या घरच्या, पन्नाशीच्या, डोळ्यांवर गॉगल. त्या दरवर्षी आईकडून पांढरा घेवडा न्यायच्या. मागच्या बाजाराला आईनंच त्यांना आग्रह करून काळा दिला होता, "ह्यो न्या ताई एकदा, चव लई न्यारी." त्यांनी पिशवीतून पाण्याची बाटली काढली आणि आईच्या मापाशेजारी ठेवली. बाटलीतलं पाणी हिरवट काळं होतं, साचलेल्या डबक्यासारखं.

"मावशी, हे काय आहे?"

आईनं बाटली उचलली, उन्हात धरली. "काय हाय?"

"तुमचा घेवडा. रात्रभर भिजवला आणि हे निघालं त्यातून. सगळं पातेलं हिरवं झालं माझं. रंग लावता का कडधान्याला?"

आईचा चेहरा मी बघत होते. इतक्या वर्षांत तिनं घेवड्याचं पाणी जांभळं पाहिलं होतं, काळं पाहिलं होतं. हिरवं कधी पाहिलं नव्हतं. ती नुसतं म्हणाली, "आसं कसं हुईल?"

मला मात्र बाटली बघताक्षणीच कळलं होतं. शहरातलं बोअरचं पाणी जड असतं, त्यात घेवडा लवकर शिजत नाही, म्हणून बायका भिजवतानाच चिमूटभर खायचा सोडा टाकतात. डोंगरात झऱ्याचं पाणी, तिथं सोड्याची गरजच पडत नाही. काळ्या घेवड्याच्या सालीत जो रंग असतो तो जांभळाच्या सालीतला, वांग्याच्या सालीतला, जास्वंदीच्या पाकळीतला. पुस्तकात त्याला अँथोसायनिन म्हणतात. आंबट लागलं की तो गुलाबी होतो, सोडा लागला की निळा-हिरवा. पांढऱ्या घेवड्याच्या सालीत तो जवळजवळ नसतोच, म्हणून त्या बाईंच्या पातेल्यानं आजवर काही दंगा केला नव्हता. हा प्रयोग मी दरवर्षी वर्गात जास्वंदीचा रस घेऊन करते. रंग बदलला की मुलं टाळ्या वाजवतात. मला त्या टाळ्या आवडतात, खोटं कशाला सांगू.

"तुम्ही भिजवताना सोडा टाकला होता ना?" मी विचारलं.

"तो तर सगळेच टाकतात. सोडा काय हिरवा असतो?"

"सोडा हिरवा नसतो. पण त्यानं रंग हिरवा होतो. थांबा, मी दाखवते."

इथं मी थांबायला हवं होतं. आई म्हणतच होती, "जाऊ दे, पांढरा दे त्यांना." पण माझ्या अंगात मास्तरीण आली होती. मागच्या टपरीवरून मी काचेचे तीन ग्लास आणि उकळतं पाणी आणलं, शेजाऱ्याकडून लिंबू, आणि समोरच्या किराणा दुकानातून सोड्याची पुडी. आईच्या गोणीतला मूठभर काळा घेवडा गरम पाण्यात टाकला, चमच्यानं ढवळला. पाण्याला जांभळा रंग यायला लागला तशी दोन-चार माणसं थांबली. ते पाणी मी तीन ग्लासांत ओतलं. एका ग्लासात लिंबू पिळलं.

पाणी गुलाबी झालं. असं सुंदर गुलाबी, की प्रयोगशाळेतही कधी आलं नव्हतं.

"आता हे बघा," असं म्हणून मी दुसऱ्यात सोडा टाकला. जांभळ्याचं निळं झालं, निळ्याचं हिरवं. तिसरा ग्लास मध्ये तसाच ठेवला, तुलनेसाठी. मी वर बघितलं तर आता चांगली गर्दी जमली होती. कुणीतरी शिट्टी वाजवली. एक जण म्हणाला, "आयला, जादूच हाय की!" दोघांनी मोबाईल काढले होते. मी अजून वर्गातच होते. मी समजावत होते की हा रंग नैसर्गिक आहे, सालीतला आहे, म्हणूनच तो असा बदलतो.

पण लोकांचं गणित सरळ होतं. जे असं घडीघडीला रंग बदलतं ते खायचं कसं असेल? पालक हिरवा तो हिरवाच राहतो, हळद पिवळी ती पिवळीच. (हळदही सोड्यानं लाल होते, पण ते सांगायला तेव्हा कुणी मला उसंत दिली नाही.) मागून एक म्हातारा म्हणाला, "पोरी, तूच दाखवलंस की आमाला, केमिकल हाय म्हनून." आणि सगळे हसले. बांगड्यावालीसुद्धा हसली.

गॉगलवाल्या बाईंनी गोणीत हात घातला, मूठभर दाणे वर काढले, अंगठ्यानं चोळले. "बघा, हाताला लागतंय. ही चकाकी कसली?"

"एरंडेल लावतो ताई," आई म्हणाली. "कीड लागू नये म्हनून."

"लावता ना काहीतरी. तेच म्हणतेय मी."

मग गर्दीतून एक माणूस पुढे आला. भला वाटत होता, आणि खरंतर तो माझ्या मदतीलाच आला होता. "आवो, ह्या मॅडम हायेत. कॉलेजात केमिस्ट्री शिकिवत्यात. आमचा पोरगा हाय की त्यांच्या वर्गात. त्या कशाला खोटं बोलतील?"

त्या बाईंनी पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघितलं. मग आईकडे. मग पुन्हा माझ्याकडे. नाकाची ठेवण एकच, ती लपवता येत नाही. "तुमची आई का?"

"हो."

"अच्छा," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज एकदम मऊ झाला, मला त्याचीच भीती वाटली. "म्हणजे घरचीच प्रयोगशाळा. आता कळलं रंग कुठून येतो ते. मॅडम, कॉलेजातून आणता का हो बाटल्या? कुठलं कॉलेज? मी तिथंच येऊन विचारते. लोकांच्या पोटाशी खेळ आहे हा."

मोबाईल माझ्याकडे वळले.  जी बाई वर्गात साठ मुलांना एका नजरेत गप्प करते तिला चार माणसांपुढे बोलता येईना. जूनमधली वाट बघणं मला दिसलं, आमच्या विभागप्रमुखांचा चेहरा दिसला, कॉलेजच्या दारात बाटली घेऊन उभी असलेली ही बाई दिसली. मी "अहो, असं नाही, तुम्ही ऐका" एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. माझी ती तारांबळ बघून लोकांना वाटलं, चोर सापडला.

आई उठली. गुडघ्यावर हात टेकून, सावकाश. पदर खांद्यावर ओढून घेतला. आणि गर्दीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "ताई, हिला यात वढू नका. हिला काय ठाऊक न्हाई. रंग म्या लावला."

गर्दीत कुजबूज सुरू झाली.

"म्या लावला," ती पुन्हा म्हणाली. "काळा दिसावा म्हनून. पोरगी बिचारी आईची बाजू घेती हाय, तिला वाटलं आई खरं बोलती. चुकी माझी हाय."

त्या क्षणी मला काय वाटलं ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. मला हायसं वाटलं. मोबाईल माझ्यावरून आईकडे वळले आणि माझा श्वास मोकळा झाला. एखादं ओझं कुणी डोक्यावरून उतरवून घ्यावं, तसं. राग, दुःख, लाज हे सगळं नंतर आलं, आधी आलं ते हे. मग मी म्हणाले, "आई, काय बोलतेस तू?" पण ते मी हळू म्हणाले. आई माझ्याकडे न बघता म्हणाली, "तू गप." आणि मी गप्प बसले. मूग गिळून गप्प बसणं म्हणतात ते मी त्या दिवशी कडधान्याच्या गोण्यांमध्ये बसून केलं.

बाईंचा राग कबुलीनं ओसरला. त्यांना विजय मिळाला होता आणि त्या वाईट माणूस नव्हत्या. त्यांनी आईला समजावलं की मावशी, लहान मुलं खातात हे, असं करू नये. आई मान खाली घालून "चुकलं, चुकलं" म्हणत होती. तिनं त्यांचे पैसे परत केले, वर पांढऱ्या घेवड्याची पिशवी भरून दिली. माणसं पांगली. लिंबंवाल्यानं, ज्याच्याशी आई इतकी वर्षं डबा वाटून खाते, त्यानं आपली पाटी थोडी पलीकडे सरकवली. फार नाही, वीतभर.

माझे तीन ग्लास तिथंच उन्हात उभे होते. गुलाबी, जांभळा, हिरवा. आई म्हणाली, "ते ग्लास चहावाल्याला दिऊन ये. आन् धुऊन दे."

काळ्या घेवड्याची गोणी तिनं शिवली आणि आम्ही एसटी स्टँडवर आलो. अकोल्याची गाडी लागायची होती. बाकावर बसल्यावर मला बोलायला तोंड फुटलं. मी तिच्यावर चिडले, अगदी खरी चिडले. म्हटलं, न केलेला गुन्हा कुणी कबूल करतं का? पुढच्या बाजाराला कुठल्या तोंडानं बसशील?

"ती बाई कालिजात गेली आस्ती."

"गेली असती तर गेली असती. मी सांगितलं असतं त्यांना."

"हितं सांगितलंस की," आई म्हणाली. टोमणा नव्हता, ती खरंच तेवढंच म्हणत होती. "तुला काढाया कोनीतरी हाय. मला कोन काढनार? बाजार काय कुनाच्या हुकमावर चालत न्हाई."

गाडी आली. ती चढली, मी गोणी वर दिली. खिडकीतून तिनं विचारलं, तू सकाळपासनं काय खाल्लंस का. मी हो म्हटलं.

व्हिडिओ फिरला. फार नाही, पण संगमनेरात फिरायचा तेवढा फिरला. स्टाफरूममध्ये एकानं तो लावला तेव्हा मी तिथंच होते. फिरला होता तो कबुलीचा तुकडाच: चित्रात आई होती, ग्लास होते, "रंग म्या लावला" हे स्पष्ट ऐकू येत होतं. माझा फक्त हात दिसत होता. या वेळी मात्र मी बोलले. म्हटलं, ती माझी आई आहे, आणि तिनं रंग लावलेला नाही, तो सालीतला रंग आहे, तुम्हाला तरी कळायला हवं. त्यानं व्हिडिओ बंद केला. मग जीवशास्त्राच्या मॅडम उठल्या, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "असू दे गं. होतं असं. त्यांनाही चार पैसे सुटायला हवेत." जीवशास्त्राच्या! ज्यांना अँथोसायनिन माझ्याआधी पाठ! मी म्हटलं, उद्या डबाभर घेवडा आणते, तुम्हीच तपासा. त्या म्हणाल्या, "सालीत असतोच गं रंग, मला माहीत आहे. पण त्यांनी स्वतःच कबूल केलंय ना." कबुली एकदा आली की तिच्यापुढे रसायनशास्त्राचं काही चालत नाही.

विभागप्रमुखांनी बोलावलं तेव्हा मी मनाची तयारी करून गेले. त्यांनी चहा मागवला. म्हणाले, अशा गोष्टींचा नोकरीशी काय संबंध, तुम्ही चांगलं शिकवता, फक्त आईंना जरा समजावा. जूनची काळजी करू नका, असंही म्हणाले. ज्या नोकरीसाठी आईनं भर बाजारात आपलं नाव मातीत घातलं, त्या नोकरीला मुळात धक्काच लागणार नव्हता. मी चहा प्यायले. सरांनी बिस्किटांची बशी पुढे केली, तर एक बिस्कीटही खाल्लं.

हे मी आईला सांगितलं नाही. सांगून काय तिचं नाव परत येणार होतं?

ती बाजारात येत राहिली. जागा तीच, पण गोणीत आता फक्त पांढरा घेवडा. गॉगलवाल्या बाई परत यायला लागल्या आणि मैत्रिणींनाही आणायला लागल्या. मी एकदा तिथं असताना त्या त्यांना सांगत होत्या, "या मावशींनी एकदा चूक केली, पण कबूल केली. आजकाल कोण करतं? म्हणून मी यांच्याकडूनच घेते." आई पिशवी भरत हसली, पाहुण्यांपुढे हसतात तसं. मी मापाकडे बघत राहिले. त्या पुढे बोलत होत्या आणि माझ्या कानशिलांत ऊन भरल्यासारखं झालं होतं.

मग मला दिवस गेले. वैशाखात कॉलेजला सुट्टी लागली तशी मी माहेरी गेले. माझं कशावर मन जात नव्हतं. तांदळाचा वास सहन होईना, दुधाचा होईना. आणि एका सकाळी उठले तर एकच गोष्ट हवीशी वाटायला लागली: काळ्या घेवड्याची आमटी, त्याच्याच काळ्या पाण्यातली, लसूण ठेचून घातलेली, नागलीच्या भाकरीबरोबर. तोंडाला पाणी सुटलं. मी आईला सांगितलं.

आमच्याकडे पोटुशी बाईनं मागितलं आणि दिलं नाही असं होत नाही. डोहाळे लागलेल्या बाईसाठी आमच्या शेजारणीनं एकदा पावसाळ्यात कैऱ्या शोधत पार खालचं गाव गाठलं होतं. आणि आई तर आई. तिच्या घरात घेवडा, मागणारी तिची पोरगी.

आई म्हणाली, "उद्या करते."

दुसऱ्या दिवशी तिनं आमटी केली, पांढऱ्या घेवड्याची. मी म्हटलं, काळ्याची सांगितली होती. ती म्हणाली, संपला. मला काही ते खरं वाटलं नाही. ती भाकऱ्या थापत होती तेव्हा मी आतल्या खोलीत गेले. कोपऱ्यात, कणगीच्या मागं, ती गोणी होती, बाजारातून परत आलेली. शिवण तशीच होती. महिने उलटून गेले होते आणि तिनं ती उघडलीसुद्धा नव्हती. ना विकला, ना खाल्ला, ना कुणाला दिला. पेरायचं बी काढून ठेवायची जी मडकी असतात ती बघितली, तर त्यात पांढरा होता, तांबडा होता, काळा नव्हता.

मी गोणी ओढत चुलीपाशी आणली. "हा काय संपलाय?"

आईनं भाकरी उलटली. चुलीतलं लाकूड मागं ओढलं. 

"तू नको खाऊ त्यो," ती म्हणाली. "तुला दिवस हायेत."

"दिवस आहेत म्हणून काय झालं?"

"आगं, म्या बघितलं की डोळ्यानं. तू लिंबू पिळलंस तर गुलाबी झालं. सोडा टाकला तर हिरवं. अन्नाचा रंग आसा पळतो व्हय? म्या जलमात कवा त्यात लिंबू टाकलं न्हाई, सोडा टाकला न्हाई. मला काय ठाव त्यात काय हाय ते." मग आवाज खाली आला. "बाजारात बोलले तवा वाटलं, म्या खोटं बोलती हाय. घरी आल्यावर वाटाया लागलं, खोटं कशावरनं?"

मी तिच्यासमोर बसले. सगळं पहिल्यापासून सांगितलं. जांभळाचं सांगितलं, वांग्याचं सांगितलं. हळदीत चुना घातला की कुंकू कसं होतं ते सांगितलं, ते तर तिला माहीतच होतं. तो रंग औषधी आहे म्हणून डॉक्टर खायला सांगतात, हेही सांगितलं. सोपं करून, तिच्या बोलीत, एकही जड शब्द न वापरता. आई ऐकत होती, मान हलवत होती, दवाखान्यात डॉक्टरपुढे हलवते तशी. माझं संपल्यावर म्हणाली, "तू शिकलेली हायेस. तू म्हनतीस तर आसंल."

त्या दिवशी बाजारात जमलेल्या गर्दीत कुणी माझं ऐकलं नव्हतं. लोक हसले, शिट्ट्या मारल्या, व्हिडिओ काढले आणि निघून गेले. माझा प्रयोग पहिल्यापासून शेवटपर्यंत नीट बघणारी, त्यावर विश्वास ठेवणारी तिथं एकटी आईच होती. आणि तिला त्यातून जे कळलं ते हे.

"आई, मी उलट तुझा घेवडा खरा आहे हे दाखवायला..." मी म्हणाले. लाजेनं माझी मान वर होईना.

ती माझ्याजवळ सरकली. पिठाचा हात दूर धरून दुसऱ्या हातानं तिनं माझ्या कपाळावरचे केस मागं सारले. काहीतरी विचारायचं तिच्या मनात फार दिवसांपासून होतं, हे मला तेव्हा कळलं.

"तू पोटात हुतीस तवा घरात दुसरं काय नव्हतंच गं," आई म्हणाली. "रोज ह्योच खाल्ला म्या. दोन्ही टायमाला." मग माझ्या तोंडाकडे निरखून बघत तिनं विचारलं, "तुला कवा काय तरास झाला न्हाई ना त्यानं?"

"न्हाई, आई," मी म्हटलं. "काही झालं नाही मला."

ती उठली आणि तिनं पांढऱ्या घेवड्याची आमटी माझ्या ताटात वाढली.